एक बटण जास्त

१

मापाडी हे त्याचं खरं नाव नव्हे. ते ताईच्या नवऱ्याने, भाऊजींनी ठेवलेलं, आणि कौतुकाने ठेवलेलं नव्हे. तो मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. कुठल्या कारखान्याचा काटा, कुठल्या दवाखान्याचा तापमापक त्याच्या टेबलावर यायचा आणि तो खरं बोलतो की खोटं, हे मापाडी ठरवायचा. दिवसभर हेच करणाऱ्या माणसाला घरी आल्यावर ‘मला वाटतं’ हे दोन शब्द सहन होत नाहीत, यात त्याचा काय दोष? लोकांना वाटतं फार.

त्या रविवारी तो नेहमीसारखा ताईकडे गेला आणि पॅसेजमध्येच ठेचकाळला. ताईचं शिलाई मशीन तिथे येऊन बसलं होतं, एका बाजूला धुलाईचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला चपलांचं कपाट. ताई स्टुलावर अंग चोरून बसली होती. मागे बाथरूमचं दार. आत जायचं झालं की माणूस खाकरायचा, ताई उठायची, स्टूल सरकवायची, माणूस जायचा, ताई बसायची, आणि तो बाहेर येईपर्यंत जेमतेम एक शिवण होत असेल नसेल. लग्न होऊन आल्यापासून ती मागच्या खोलीत खिडकीशी बसून शिवत आली होती, आणि त्या शिवणावर हे घर कितीदा तरलं होतं ते मापाड्याला माहीत होतं.

‘‘हे काय?’’ त्याने विचारलं.

‘‘आवाजाला खोली हवी होती,’’ ताई मान वर न करता म्हणाली.

मागच्या खोलीत भिंतींना करड्या स्पंजाच्या लाद्या चिकटवल्या होत्या. खाली गुबगुबीत गालिचा. उचलायला दोन माणसं लागतील असा नवा ॲम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर, आणि मधोमध एकच खुर्ची. तिच्यात भाऊजी डोळे मिटून बसले होते. ॲम्प्लिफायर दुकानदाराने महिनाभर ऐकायला म्हणून दिला होता. आवडला तर ठेवायचा. पण हॉलमध्ये त्याचा जीव गुदमरतो, त्याला मागची खोलीच लागेल, असं दुकानदाराचं निदान होतं. यंत्राचा जीव गुदमरतो म्हणून बाई बाथरूमपाशी.

भाऊजींनी त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं. म्हणाले, सूर नको ऐकूस, सुरांमागची शांतता ऐक. मापाड्याने ऐकली. व्हायोलिन होतं, जुन्या ॲम्प्लिफायरवर होतं तेच, तसंच. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शब्दाला शब्द वाढला आणि पैज ठरली. डोळ्यांवर पट्टी बांधून, कुठला जुना आणि कुठला नवा हे ऐकणाऱ्यांना ओळखता आलं, तर मापाड्याने या विषयावर तोंड उघडायचं नाही. नाही ओळखता आलं, तर यंत्र दुकानात परत आणि खोली ताईची. ताईला यातलं काही विचारलं गेलं नाही. मापाड्यानेही विचारलं नाही.

२

पुढच्या रविवारी दुपारी मापाड्याने खोलीचा ताबा घेतला. जाड पडदा खोलीच्या मधून टांगला. पडद्यामागे दोन्ही ॲम्प्लिफायर आणि एक स्विच. दोघांचा आवाज मीटर लावून अगदी सारखा केला, कारण जरासा मोठा आवाज माणसाला नेहमी जरासा चांगला वाटतो, आणि दुकानदारांचं पोट त्या ‘जरासा’वर चालतं. कुठला लावायचा ते नाणं उडवून ठरणार होतं आणि नाणं फक्त मापाडी बघणार होता.

ऐकणारे चौघे. भाऊजी, त्यांचे दोन रसिक मित्र, म्हणजे एक दातांचे डॉक्टर आणि एक बँकवाले, आणि चौथा दुकानदार, ज्याने आपल्या यंत्राची परीक्षा म्हणजे सुनेची परीक्षा असल्यासारखा चेहरा केला होता. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, उसासे टाकायचे नाहीत. एकाची मान डोलली की चौघांच्या डोलतात. म्हणून मत तोंडी नाही, बटणांनी. प्रत्येकाच्या उजव्या खिशात पांढरी बटणं, डाव्यात काळी. पांढरं म्हणजे नवा, काळं म्हणजे जुना. झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा हातोहात फिरायचा, ज्याने त्याने आपलं बटण टाकायचं.

बटणं, डबा आणि डोळ्यांवरच्या पट्ट्या ताईने दिल्या. पट्ट्याही तिनेच बांधल्या, शिंप्याच्या हाताने, न काचणाऱ्या आणि न सुटणाऱ्या. मग चहाचं आधण ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली आणि मापाड्याने दार लावून घेतलं.

व्हायोलिन वाजलं. थांबलं. पडद्यापलीकडे डबा खुळखुळत फिरला. शेवटच्याने तो पडद्याखालून आत सरकवला आणि मापाड्याने झाकण उघडलं.

डब्यात पाच बटणं होती.

३

कोणीतरी चुकून दोन टाकली, असं त्याने धरलं. माणसं वयाने मोठी, हाताला सवय नाही, पट्ट्या बांधलेल्या. त्याने पलीकडे सूचना दिली, एकेकच टाका. पुन्हा व्हायोलिन, पुन्हा डबा. पुन्हा पाच.

तिसऱ्या फेरीला त्याने बटणं तळहातावर घेऊन नीट बघितली. ताईने दिलेली बटणं कोरी होती, पुडक्यातून काढलेली. पण प्रत्येक फेरीतल्या एका बटणाच्या भोकांत दोरा होता. छोटासा, तुटका, कुणाच्या तरी अंगावरच्या कपड्यावरून बटण ओढून तोडल्यावर राहतो तसा.

मापाड्याला भीती वाटली नाही, संताप आला. त्याला वाटलं, हा दुकानदार. खिशात घालून आणली असणार बटणं, चाचणीचा विचका करायला. त्याने काही न बोलता फेऱ्या चालू ठेवल्या आणि दोरेवालं बटण दर वेळी वेगळं काढून ठेवलं. चहाच्या वेळेपर्यंत चित्र स्पष्ट झालं होतं. चौघांच्या कोऱ्या बटणांत निम्मी बरोबर, निम्मी चूक. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. भाऊजींची शांतता, डॉक्टरांना ऐकू येणारा गोडवा, बँकवाल्यांना ऐकू येणारी सुरांची खोली, सगळं भुईसपाट.

आणि दोऱ्याचं बटण एकदाही चुकलं नव्हतं.

नाणं मापाड्याने पडद्याआड उडवलं होतं. स्विचला आवाज नव्हता, तो त्याने स्वतः तपासला होता. दुकानदाराने फसवायचं म्हटलं तरी त्याला उत्तर कुठून कळणार? हे कोडं त्याने डोक्यातून झटकलं आणि चहा न घेता सगळ्यांना सांगितलं, की आजची चाचणी बाद, कोणीतरी लबाडी केली आहे, पुढच्या रविवारी दुकानदार नको. दुकानदार अपमानाने लाल झाला. जाताना त्याने गालिच्याच्या कडेला, खिडकीपाशी, उगाच बघितल्यासारखं बघितलं आणि बुटांच्या नाड्या न बांधताच जिना उतरला.

४

दुसऱ्या चाचणीला तिघे. मापाड्याने त्यांचे खिसे उलटे करायला लावले. दातांचे डॉक्टर दुखावले, म्हणाले, आम्ही आनंदासाठी ऐकतो आणि तुम्ही आमची झडती घेता. मापाडी म्हणाला, आनंदाची झडती घेत नाही, खिशांची घेतो.

या वेळी पडद्यामागे बसून त्याने व्हायोलिन ऐकलंच नाही. संगीत थांबल्यावर होणारा तो बारीक आवाज तो ऐकत राहिला. बटण पत्र्यावर पडतं तो. उजवीकडून टक्, ते भाऊजी. मधून टक्, ते डॉक्टर. डावीकडून टक्, ते बँकवाले. मग डबा पडद्याकडे सरकवण्याआधी थोडी उसंत, आणि आणखी एक टक्.

तो चौथा आवाज खिडकीच्या बाजूने येत होता. खिडकीच्या बाजूला खुर्ची नव्हती. आणि तो खालून येत होता, डबा कोणीतरी जमिनीलगत धरल्यासारखा.

मोजमापाची नोकरी करणारा माणूस एवढ्यावर भुलत नाही. स्पंजाच्या भिंती आवाज खातात, दिशा फसते, त्याला ठाऊक होतं. बँकवाल्यांना त्याने मध्येच विचारलं, तुम्ही डबा थेट पडद्याखाली सरकवता ना? ते म्हणाले, नाही हो, मी शेजारी देतो. शेजारी कोण, असं मापाड्याने विचारलं नाही. बँकवाल्यांनीही पट्टी काढल्यावर आपल्या शेजारी बघितलं, खिडकीच्या पडद्याकडे बघितलं, आणि आपण काय बोललो ते आठवत असल्यासारखे उभे राहिले. त्यानंतर ते त्या घरी कधी आले नाहीत. डॉक्टरही नाहीत, पण ते झडतीमुळे.

तिघांच्या बटणांत पुन्हा निम्मी चूक होती. दोऱ्याची सगळी बरोबर.

संध्याकाळी ताईला त्याने त्यातलं एक बटण दाखवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, हे तुझ्यातलं का? तिने ते उजेडात धरलं.

‘‘बटण माझं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘दोरा माझा नाही.’’

५

शेवटची चाचणी एकट्या भाऊजींची. महिना संपत आला होता आणि पॅसेजमधल्या स्टुलावर बसून ताईची पाठ धरली होती. मापाड्याला आता फक्त हे संपवायचं होतं.

डबा त्याने स्टुलावर ठेवला, भाऊजींच्या हाताशी. पडद्याला डोळ्याएवढी फट ठेवली. आपल्या नियमांत फट बसत नाही हे त्याला कळत होतं, तरी ठेवली.

व्हायोलिन थांबलं. भाऊजींनी थोडा विचार केला, चाचपडत हात पुढे केला, बटण टाकलं. टक्. हात परत मांडीवर आला. दोन्ही हात मांडीवर होते, पट्टीखाली चेहरा शांत, जरासा हसरा. त्यांना खरोखर बरं वाटत होतं. मापाडी त्यांच्या हातांकडे बघत राहिला, म्हणून आधी त्याला दिसलं नाही. मग नजर खाली गेली.

स्टुलाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला, गालिच्याचे केस दबलेले होते. दोन ठिकाणी, जवळजवळ. कोणी गुडघे टेकून पुढे वाकलं तर दबतील तसे. टक्. मग ते केस हळूहळू, एकेक करून, पुन्हा उभे राहिले.

मापाड्याने उरलेल्या फेऱ्या कशा पार पाडल्या ते त्यालाच माहीत. त्याने पुन्हा फटीतून बघितलं नाही. सगळं झाल्यावर तो पडद्याबाहेर आला, डबा घेऊन पाठमोरा वळला, दोऱ्याची बटणं वेचून काढली आणि खिशात घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मोजलेल्यातलं काही लपवलं. दोऱ्याची बटणं धरली असती तर या खोलीत कुणालातरी फरक ऐकू येतो हे सिद्ध झालं असतं, आणि ताई बाथरूमपाशीच राहिली असती. असल्या मताला तो मत म्हणायला तयार नव्हता. कोण तो, कुठून आला, त्याला कोणी बोलावलं होतं?

त्याने पडदा बाजूला ओढला आणि निकाल सांगितला. निम्मी बरोबर, निम्मी चूक. भाऊजी, तुम्हाला फरक ऐकू येत नाही.

ताई दारात येऊन उभी होती. भाऊजींनी पट्टी काढून व्यवस्थित घडी घातली.

‘‘मला आनंद होत होता रे,’’ ते म्हणाले. ‘‘तो कुठल्या डब्यात टाकायला हवा होता?’’

मापाड्याला याचा रागच आला. दुसऱ्याची खोली बळकावून होणाऱ्या आनंदाला त्याच्याकडे डबा नव्हता, आणि तसं त्याने तोंडावर सांगितलंही.

६

यंत्र दुकानात गेलं. भाऊजींनी त्यानंतर काही ऐकलंच नाही. जुना ॲम्प्लिफायर हॉलमध्ये कापड घालून पडून राहिला. संध्याकाळी ते त्याच्यासमोर बसायचे, पण लावायचे नाहीत. ताई खोलीत परतली. मापाडी समाधानात होता, पण काही रविवार तो तिकडे गेलाच नाही, आणि का जात नाही याचा विचारही त्याने केला नाही.

गेला तेव्हा ताई दहा वर्षांनी लहान दिसत होती. उघड्या दारातून मशीनचा आवाज जिन्यापर्यंत येत होता, भरधाव. त्याला बरं वाटलं. मग तो खोलीत शिरला आणि जागीच थांबला. स्पंजाच्या लाद्या तशाच होत्या. गालिचाही. आणि मशीन खिडकीशी नव्हतं. समोरच्या भिंतीला, अंधाऱ्या बाजूला ते लावलं होतं, आणि ताई भर दुपारी दिवा लावून, खोलीकडे तोंड करून शिवत होती.

त्याने विचारलं, उजेड तर खिडकीशी येतो ना?

‘‘येतो,’’ ताई म्हणाली. ‘‘पण ती जागा घेतलेली आहे.’’

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की त्याला क्षणभर अर्थच लागला नाही. मशीनशेजारी तो पत्र्याचा डबा होता. ताई सांगत राहिली, हात न थांबवता. परत आले तेव्हा पहिल्याच दिवशी जाणवलं, कोणीतरी ऐकतंय. मशीन चालू झालं की खोली कशी कान देते. आपण शीळ घातली तर तीही ऐकते. एकदा अस्तराला कुठला रंग घ्यावा ते सुचेना, मोठ्याने बोलले, पांढरं टाकू की काळं, तर डब्यात टक्. तेव्हापासून विचारते. एकदाही चुकलेलं नाही.

‘‘या घरात इतकी वर्षं मी मशीन चालवते,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांनी एवढंच सांगितलं की आवाज होतो.’’

मापाड्याच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याचाही त्याला संताप आला. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता मशीन हॉलमध्ये आणायचं. भाऊजींशी तो बोलेल, ते नाही म्हणणार नाहीत. या खोलीला कुलूप.

मशीन थांबलं. ताई अशी चिडलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

‘‘आधी ते म्हणाले खोली सोड, आता तू म्हणतोस,’’ ती म्हणाली. ‘‘पट्ट्या मी बांधल्या, बटणं मी दिली, चहा मी केला. पाच पुरुषांनी माझ्या खोलीचा निकाल लावला, आणि एका फेरीलासुद्धा कोणी म्हणालं नाही की तूही बस.’’

 ती बरोबर होती, आणि तिला त्या खोलीत ठेवणं शक्य नव्हतं. शेवटी त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. तो म्हणाला, तू आता बस. आपण दोघंच, एक फेरी, एकेक बटण. डब्यात तीन निघाली तर मशीन आज हॉलमध्ये. दोनच निघाली तर खोली तुझी आणि मी पुन्हा विषय काढणार नाही.

ताईने खिडकीच्या दिशेने बघितलं. मग म्हणाली, चालेल.

७

दार लावलेलं. स्टुलावर डबा. अलीकडे तो, पलीकडे ती. तिने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, मग स्वतःच्या. त्याने काळं बटण घेतलं होतं, तिने पांढरं. संगीत नव्हतं, ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. स्पंजाच्या भिंतींनी रस्ता, शेजारघरं, हॉलमधलं भाऊजींचं खोकणं, सगळं गिळून टाकलं होतं. दोघांचे श्वास तेवढे राहिले होते. ते दोनच आहेत ना, हे मापाडी ऐकू लागला आणि मग त्याने ऐकणं जाणूनबुजून थांबवलं.

त्याने बटण टाकलं. टक्.

थोडी उसंत. ताईची बांगडी किंचित किणकिणली. टक्.

तो थांबला. त्या तिसऱ्या आवाजासाठी त्याचं सगळं अंग कान झालं होतं. तो येईल, येईलच, आणि एकदाचा आला की ताईला इथून बाहेर काढता येईल. खोली गच्च भरल्यासारखी शांत होती. आवाज आला नाही.

त्याने पट्टी ओढून काढली आणि झाकण उघडलं. डब्यात दोन बटणं होती.

सुटल्यासारखं वाटून तो हसला. दोनच. खोलीत दोघंच, तिसरं कोणी नाही. गालिचा, दिशा, दोरे, सगळ्याला काही ना काही साधं कारण असणार. ताईला दाखवायला त्याने बटणं हातावर ओतली. दोन्ही काळी होती. एक कोरं. दुसऱ्याच्या भोकांत दोरा होता.

ताईने अजून पट्टी काढली नव्हती. तिची मूठ स्टुलाच्या वर हवेत तशीच होती, घट्ट मिटलेली. तिने ती सावकाश उघडली. आत पांढरं बटण होतं, आणि बोटांवर दाबल्याच्या खुणा उमटल्या होत्या.

‘‘मी टाकायला हात पुढे केला,’’ ती हळू म्हणाली, ‘‘तेव्हा कोणीतरी तो मिटला.’’

मापाड्याने दोन्ही बटणं पुन्हा मोजली.

‘‘त्या दिवशी तू खिशात बटणं घातलीस, ते मी दारातून पाहिलं होतं,’’ ताई म्हणाली. ‘‘माझ्यासाठी घातलीस, म्हणून बोलले नाही. खिडकीशी बसून त्यानेही पाहिलं असेल, आणि शिकला असेल.’’

मग तिने पट्टी काढली, नेहमीच्या सवयीने घडी घातली आणि विचारलं, ‘‘दोनच निघाली ना?’’

दोनच निघाली होती. नियम त्याचाच होता. तो म्हणाला, हो.

ताई मशीनवर जाऊन बसली. तो दारापर्यंत मागे मागे गेला, खिडकीकडे पाठ न करता. तिने कापड सुईखाली घेतलं, पाय टेकवला आणि मशीन सुरू झालं. हा आवाज तो लहानपणापासून ऐकत आला होता, आईच्या घरातल्या मशीनपासून. तोच वेग, तोच खडखडाट, मीटर लावला असता तर काटा तसूभरही हलला नसता.

तरी आज त्या आवाजामागच्या शांततेत फरक होता, कोणीतरी ऐकत असल्याचा. तो त्याला डोळे मिटूनही ओळखता आला असता.